घरची चूल, हॉटेलचे टेबल

करोनाच्या साथीत अनेक शहरी कुटुंबांना घरी रांधण्याची नव्याने गोडी लागली. निर्बंध उठल्यावर हॉटेलेही पुन्हा गजबजली. या दोन आवडींत विरोध आहे का? घरी काय करावे, बाहेर काय खावे आणि मुख्य म्हणजे घरच्या जेवणाचा आनंद नेमका कोणाच्या वाट्याला येतो, याचा हा वेध.

शनिवारची रात्र आणि हॉटेलाबाहेर नाव नोंदवून ताटकळणारी कुटुंबे, हे दृश्य मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहरात पुन्हा नेहमीचे झाले आहे. २०२०च्या उन्हाळ्यात याच हॉटेलांना कुलपे होती आणि हीच कुटुंबे घरच्या कुकरमध्ये केक भाजण्याचे प्रयोग करीत होती. दार उघडले तशी माणसे परतली. पण परतलेला ग्राहक पूर्वीचा राहिलेला नाही. त्याने मधल्या काळात पीठ भिजवले आहे, आंबवले आहे, कांदा किती वेळ परतावा लागतो हे स्वतः पाहिले आहे. त्यामुळे मेन्यूकार्ड हातात घेताना 'हे तर घरीही होते, मग बाहेर कशाला?' असा प्रश्न त्याला पडतो; आणि घरी चार तास राबल्यावर 'बाहेर मिळते, तर हा खटाटोप कशाला?' असाही पडतो.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. घरचे स्वयंपाकघर आणि हॉटेलचे स्वयंपाकघर यांची कामेच वेगळी आहेत. त्यातले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की दोन्हींकडून अधिक आनंद मिळू शकतो.

विटाळापासून टेबलापर्यंत

बाहेर जाऊन खाणे आज सहज वाटत असले तरी महाराष्ट्रात ही सवय फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात परक्याच्या हातचे अन्न हा जातीचा आणि सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न होता. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रायश्चित्ताचा वाद बराच काळ गाजला. एका कपाने एवढे वादळ उठत होते, तिथे अनोळखी माणसांच्या पंगतीला बसून जेवणे किती दूरची गोष्ट असेल, याची कल्पना करता येते. पुढेही अनेक खानावळी विशिष्ट जातीच्या नावानेच ओळखल्या जात. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांबरोबरच सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्टपणे लिहावे लागले, ते याच पार्श्वभूमीवर. हॉटेलचे टेबल ही केवळ चैनीची जागा नाही. ते सार्वजनिक जीवनातील हक्काचे ठिकाणही आहे.

मुंबईत हा बदल गरजेतून घडला. गिरणीत काम करण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून राहत. त्यांच्या जेवणाची सोय गिरणगावातील खाणावळवाल्या बायका करीत. स्वतःच्या खोलीतील चुलीवर कुटुंबाबरोबरच आणखी दहा-वीस जणांचे जेवण शिजवणाऱ्या या स्त्रियांनी घर आणि हॉटेल यांतील सीमा केव्हाच पुसून टाकली होती. सावकारी कर्जात अडकलेल्या या स्त्रियांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

दुसरीकडे इराण्यांच्या हॉटेलांनी पाव, मस्का आणि चहा यांची सवय लावली. मुंबईचे कयानी १९०४चे, ब्रिटानिया १९२३चे, तर पुण्याचे गुडलक १९३५चे. त्यापाठोपाठ दक्षिण कानडा भागातून आलेल्यांनी उडुपी हॉटेले थाटली. माटुंग्याचे कॅफे मद्रास १९४० पासूनचे. स्वस्त, स्वच्छ आणि झटपट या त्रिसूत्रीवर उडुप्यांनी इडली-डोसा मराठी माणसाच्या नाश्त्यात आणून बसवला. गरज म्हणून सुरू झालेले बाहेरचे खाणे पुढच्या पिढ्यांत हौस झाले आणि नंतर सवय.

बंद दारांचा काळ

ही सवय एका रात्रीत तुटली. २४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. महाराष्ट्रात हॉटेलात बसून जेवण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे ती पुन्हा बंद झाली. जून २०२१ पासून दारे हळूहळू उघडली आणि २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील साथीचे सर्व निर्बंध उठले.

या दोन वर्षांची किंमत मोठी होती. 'नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया' या व्यावसायिकांच्या संघटनेच्या अहवालानुसार २०१९-२० मध्ये सुमारे ४.२३ लाख कोटी रुपयांची असलेली देशातील खाद्यसेवेची उलाढाल २०२०-२१ मध्ये सुमारे दोन लाख कोटींवर आली. २०२३-२४ मध्ये ती ५.६९ लाख कोटींवर गेल्याचे याच संघटनेचा पुढील अहवाल सांगतो. आकडे सावरले, पण बंद पडलेली प्रत्येक खानावळ पुन्हा उघडली नाही आणि गावी परतलेला प्रत्येक आचारी, वेटर वा भांडी घासणारा पोऱ्या पुन्हा शहरात आला नाही. एखाद्या हॉटेलातली ठरावीक चव त्या भट्टीवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या हाताची असते. तो हात गेला की पाटी तीच राहते आणि चव बदलते.

घरांमध्ये याच काळात उलटा प्रवास चालू होता. जिलेबी, पाणीपुरीच्या पुऱ्या, पाव, पिझ्झा असे आजवर विकतच आणायचे पदार्थ घरी होऊ लागले. चहापलीकडे स्वयंपाकघराशी संबंध न आलेली मुले आणि पुरुषही ओट्याशी उभे राहिले. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या 'रुचिरा'ची जागा अनेक घरांत मोबाइलवरच्या चित्रफितींनी घेतली. साधन बदलले तरी शिकण्याची रीत तीच होती. आधी पाहायचे, मग करायचे, बिघडले की पुन्हा करायचे.

दोन स्वयंपाकघरे, दोन कामे

घरी इतके सारे जमू लागल्यावरही काही पदार्थ 'हॉटेलसारखे' होत नाहीत. यात करणाऱ्याचा दोष क्वचितच असतो. फरक असतो तो मुख्यतः उष्णतेचा.

तंदूरच्या भट्टीचे तापमान ४०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. घरगुती ओव्हन साधारण २५० अंशांवर थांबतो. नान भट्टीच्या तापलेल्या भिंतीला चिकटतो आणि एक-दोन मिनिटांत बाहेर येतो. तेवढ्या वेळात त्याला डाग पडतात, पण आतला ओलावा उडून जात नाही. कमी आचेवर तोच नान भाजायला वेळ लागतो, पाणी निघून जाते आणि तो वातड होतो.

डोशाचे रहस्यही तव्यात दडलेले आहे. हॉटेलात जाड लोखंडी पत्रा दिवसभर तापलेला असतो. त्यावर गार पीठ पडले तरी त्याची उष्णता फारशी उतरत नाही. घरचा पातळ तवा मात्र पहिल्याच डोशाला निवतो; म्हणून घरी जड बिडाचा तवा वापरला तर फरक लगेच जाणवतो. पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येण्याची प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे वेगाने घडते. तवा त्याखाली राहिला तर डोसा शिजतो, पण कुरकुरीत होत नाही. बटाटेवड्याचेही तसेच. मोठ्या कढईतल्या भरपूर तेलात दहा वडे सोडले तरी तेल तापलेले राहते. घरच्या लहान कढईत पाच वडे एकदम पडले की तेल थंडावते आणि वडे तेल पितात. घरी दोन-दोनच वडे तळावेत, या जुन्या सल्ल्यामागे हेच शास्त्र आहे.

दुसरा फरक पूर्वतयारीचा. मागवलेली भाजी पंधरा मिनिटांत टेबलावर येते, कारण कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजबियांची पांढरी ग्रेव्ही आणि परतलेल्या कांद्याचे वाटण सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार झालेले असते. ऐन वेळी मसाला, मुख्य जिन्नस, लोणी वा साय घालून पदार्थ पुरा केला जातो. त्यामुळेच एका हॉटेलातल्या निरनिराळ्या नावांच्या भाज्यांत पुष्कळदा एकच चव जाणवते. ही लबाडी नव्हे. दोनशे माणसांना वेळेत आणि रोज सारखे जेवण देण्याची ती पद्धत आहे.

आता घरच्या बाजूचे पाहू. हॉटेलांच्या मेन्यूवर पालेभाज्या मोजक्याच असतात, याचे कारण त्या निवडाव्या लागतात. मेथी, माठ, अळू, शेपू यांची किंमत थोडी, पण निवडण्या-धुण्याचे श्रम फार. ते श्रम पदार्थाच्या किमतीत वसूल होत नाहीत. ऋषिपंचमीची भाजी, भोगीची भाजी, अळूचे फदफदे, डाळिंब्यांची उसळ, भरली वांगी, उकडीचे मोदक हे पदार्थ म्हणूनच मूलतः घरचे. थोड्या माणसांसाठी, पुष्कळ लक्ष देऊन ते करायचे असतात. तव्यावरून थेट ताटात येणारा फुलका किंवा वाफाळत्या वरणभातावर पडणारे तूप यांना लागणारे अंतर असते ते ओट्यापासून पानापर्यंतचे. थाळी देणारी काही हॉटेले हे साधतात. पण तिथेही घरातल्या एकाचा पथ्याचा भात आणि दुसऱ्याचा झणझणीत रस्सा एकाच पंगतीत, न सांगता, वाढला जात नाही.

पार्सलची मर्यादा

हॉटेल आणि घर यांच्यामध्ये आता तिसरा पर्याय ठाण मांडून बसला आहे, तो म्हणजे मोबाइलवरून मागवलेले जेवण. साथीच्या काळात अनेक हॉटेलांना त्याने तगवले. सोय म्हणून त्याचे मोल आहेच. मात्र ते हॉटेलात जेवण्याला पर्याय ठरत नाही, याचीही कारणे स्वयंपाकाच्या शास्त्रातच सापडतात.

बंद डब्यात गरम पदार्थाची वाफ कोंडते आणि कुरकुरीत आवरण तीच वाफ शोषून मऊ पडते. डोसा, भजी, पुरी यांचे म्हणूनच पार्सलमध्ये हाल होतात. नान, रोटी निवताना त्यांतील स्टार्चची रचना बदलते आणि त्या चिवट होतात. याउलट बिर्याणी, उसळ, रस्सा, डाळ हे पदार्थ प्रवास सोसतात. काही तर मुरून अधिक चांगले लागतात. तेव्हा मागवायचेच असेल तर प्रवास सोसणारे मागवावे, पोळी वा भाकरी घरची करावी. जे ताटात पडताक्षणी खायचे असते, त्यासाठी मात्र उठून हॉटेलातच जावे.

शिवाय हॉटेलात माणूस फक्त खायला जात नाही. घरात प्रत्येकाचे जेवण आपापल्या वेळेला, कुणाचे दूरचित्रवाणीसमोर, कुणाचे मोबाइलवर बोट फिरवत, असे उरकले जाते. हॉटेलच्या टेबलावर निदान तासभर सारे समोरासमोर बसतात. वाढायला कुणाला उठावे लागत नाही. मागे भांडी उरत नाहीत.

आनंद कोणाचा, काम कोणाचे?

या शेवटच्या मुद्द्यातच घरच्या जेवणाच्या कौतुकाची खरी कसोटी आहे. 'घरच्या जेवणाची सर कशालाच नाही' हे वाक्य बहुधा वाढून घेणारा उच्चारतो. रांधणारी ते क्वचित म्हणते.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत असल्याचे दिसले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा सरासरी वेळ होता ९७ मिनिटे. त्यातही ही कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८१.२ टक्के होते, तर पुरुषांचे अवघे २६.१ टक्के. साथीत पुरुष स्वयंपाकघरात शिरले, असे मोठ्या कौतुकाने सांगितले गेले. पण २०२४च्या पाहणीत स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटे आणि पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत आणि त्यांत स्वयंपाकाबरोबर झाडलोट, धुणीभांडीही येतात. तरीही त्यांचा अर्थ उघड आहे. टाळेबंदीतली हौस बहुसंख्य घरांत कामाच्या वाटणीत उतरलेली नाही.

रविवारी एखादा खास पदार्थ करून वाहवा मिळवणे आणि आठवड्याचे सातही दिवस 'आज भाजी कोणती?' हा प्रश्न सोडवणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात निवड आहे, दुसऱ्यातून सुटका नाही. स्वयंपाकाचा आनंद निवडीत असतो. आपल्याला हवे तेव्हा, हवे ते करता येणे आणि नको असेल त्या दिवशी चूल बंद ठेवता येणे, ही मोकळीक ज्याला आहे त्यालाच स्वयंपाक छंद वाटतो. म्हणून हॉटेलात परतणे ही घरच्या जेवणाशी प्रतारणा ठरत नाही. अनेक घरांत तीच रांधणाऱ्या व्यक्तीची हक्काची सुट्टी असते. मात्र आठवड्यातून एक संध्याकाळ हॉटेलात घालवली म्हणून उरलेल्या दिवसांची वाटणी आपोआप न्याय्य होत नाही. भाजी निवडणे, कणीक मळणे, ओटा आवरणे ही न दिसणारी कामे घरातील सर्वांच्या हाती आली, तरच टाळेबंदीत लागलेली गोडी टिकाऊ ठरेल.

खिसा आणि प्रकृती

बाहेरच्या खाण्याचा हिशेब पैशांतही मांडावा लागतो. २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीनुसार शहरी कुटुंबांच्या दरडोई खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. त्यातील सर्वांत मोठा हिस्सा, एकूण खर्चाच्या १०.६ टक्के, पेये, तयार खाद्यपदार्थ आणि प्रक्रिया केलेले अन्न यांचा होता. धान्य, भाज्या वा दूध यांपैकी कशावरही शहरी माणूस एवढा खर्च करीत नाही.

हॉटेलातील पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. बाकी पैसा भाडे, पगार, गॅस, वीज आणि नफा यांत जातो. त्यामुळे 'घरी हेच पनीर निम्म्या पैशांत झाले असते' ही तक्रार गणिताने बरोबर असली तरी अपुरी असते. तिच्यात घरच्या माणसाचे श्रम शून्य किमतीचे धरलेले असतात. बिल मात्र जरूर तपासावे. बहुतेक स्वतंत्र उपाहारगृहांत वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. सेवा शुल्क ग्राहकाच्या इच्छेवर अवलंबून असते आणि ते परस्पर बिलात लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ मधील या सूचना दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये ग्राह्य ठरवल्या.

प्रकृतीच्या बाबतीतही दोन्हीकडे डोळस असावे. प्रौढांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ग्रेव्ही, पापड, लोणचे आणि चटणी असलेले एकच जेवण त्यातला मोठा वाटा संपवू शकते, मग ते घरचे असो वा बाहेरचे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात अपायकारक घटक वाढतात. अशा घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास जुलै २०१८ पासून मनाई आहे. घरच्या कढईत मात्र कोणी तपासनीस येत नाही. काळपट, फेसाळणारे, धुरकट वासाचे तेल घरीही टाकूनच द्यावे.

मेळ कसा घालावा?

काही साध्या गोष्टींनी हा मेळ जमतो. तंदुरी पदार्थ, जाळीदार कुरकुरीत डोसा, मोठ्या आचेवरचे चिनी पदार्थ, अनोळखी प्रांताचे जेवण यांसाठी हॉटेल गाठावे. पालेभाज्या, उसळी, भाकरी-पिठले, सणावाराचे पदार्थ घरी करावेत. एखादा पदार्थ घरी दोन-तीनदा करून पाहावा आणि मग तोच एखाद्या नामांकित ठिकाणी खावा. छोल्यांतला सोडा, ग्रेव्हीतला काजू, कच्चा राहिलेला मसाला हे सारे तेव्हा जिभेला कळू लागते. ज्याने स्वतः रांधले आहे तो चांगला आचारी लवकर ओळखतो, त्याची कदर अधिक करतो आणि वाईट जेवणाबद्दल नेमकी तक्रारही करू शकतो.

घराजवळच्या लहान खानावळीकडेही लक्ष असू द्यावे. मोठ्या हॉटेलांकडे पडता काळ सोसण्याचे बळ असते. चार टेबलांची खानावळ रोजच्या गल्ल्यावर जगते आणि एकट्याने राहणारा विद्यार्थी, नोकरदार किंवा वृद्ध तिच्यावरच अवलंबून असतो. गिरणगावातल्या खाणावळवालीचा वारसा चालवणारी हीच माणसे आहेत.

साथीने शहरी माणसाला दोन गोष्टी शिकवल्या. घरी पुष्कळ काही करता येते, ही पहिली. आणि सारेच घरी करावे लागले की त्याचे ओझे होते, ही दुसरी. चूल आपली आहे म्हणून ती अट्टहासाने रोज पेटवायला नको, आणि हॉटेल उघडले म्हणून ती विझवायलाही नको. आज काय खायचे, हा प्रश्न घरातल्या एकीवर न सोडता सर्वांनी मिळून सोडवला, तर त्याचे उत्तर घरात मिळो की हॉटेलात, जेवण गोडच लागेल.